हर्णै, विजयदुर्ग की देवबाग? आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पुण्याचे, सोबत बायको आणि दहा वर्षांची मुलगी. आजवर गळ टाकलात तो धरणाच्या पाण्यात, हात बसलाय तो चिलापी आणि रोहूवर. आता डिसेंबरात तीन दिवस काढून खाऱ्या पाण्यावर जायचंय. हर्णै, विजयदुर्ग आणि देवबाग अशी तीन गावं तुम्ही काढली आहेत, आणि यातलं मासे लागणारं गाव कुठलं, असं विचारताय.

विजयदुर्ग. पण हे उत्तर एका अटीवर आहे. तुम्ही गाव ठरवून मग सुट्टी टाकणार असाल तर तिन्ही गावं सारखीच, तिन्हीकडून रिकाम्या हाताने याल. खाऱ्या पाण्यात आधी तिथी, मग गाव. मी २६ वर्षं किनाऱ्यावर गरी टाकतोय, त्यातली पहिली पाच-सहा वर्षं हे न कळल्यामुळे फुकट गेली.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. मग बारा-सव्वाबाराला ओहोटी आणि संध्याकाळी साडेसहाला परत भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. मुंबईकडे भरती याच्या थोडी नंतर येते, मालवणकडे थोडी आधी, पण अर्ध्या-पाऊण तासापलीकडे फरक पडत नाही. मोबाइलमधलं भरतीचं ॲप जरूर वापरा. सुट्टी कधी टाकायची हे ठरवायला मात्र कालनिर्णय पुरतं.

आता डिसेंबरातला वारा बघा. रात्रभर आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, पाणी काचेसारखं सपाट असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात, होडी हलायला लागते, आणि दहा वर्षांच्या मुलीला तिथेच ओकारी येते. म्हणजे तुमच्या कामाचा वेळ उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत. खाडीच्या तोंडाशी मासा लागतो तो भरतीच्या शेवटच्या दोन तासांत आणि ओहोटी सुरू झाल्यावरच्या पहिल्या तासाभरात. दोन्ही गणितं एकत्र बसवा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान भरती पूर्ण होणाऱ्या तिथी कुठल्या? एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. हेच तुमचे तीन दिवस. शिवाय अष्टमी-नवमीचं भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी असतो तो काळ, तेव्हा सरलेलं असतं आणि उधाण अजून यायचं असतं. पाण्याला ओढ असते, पण होडी नांगर घेऊन पळेल इतकी नाही.

महिन्यात असे दोन मोके येतात. एकादशीला मासा मिळाला तर घरची वहिनी तो त्या दिवशी रांधेलच असं नाही, डिसेंबरात मार्गशीर्ष असला तर गुरुवारही त्यात धरा. तो मासा बर्फात ठेवून द्वादशीला खा. मी कितीतरी वेळा एकादशीची तांबोशी (इंग्रजीत रेड स्नॅपर) दुसऱ्या दिवशी खाल्ली आहे, चवीत काही कमी होत नाही.

आता गावं. पण त्याआधी एक गोष्ट, जी नकाशावर दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना भरती-ओहोटीतला फरक कमी कमी होत जातो. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या पुढे चढतं-उतरतं, गोव्याच्या हद्दीशी दोन-सव्वादोन मीटर. चढ-उतार जास्त तिथे पाणी जोरात धावतं, गाळ ढवळला जातो. चढ-उतार कमी तिथे पाणी निवळ राहतं. धरणावरून येणाऱ्या माणसाकडे प्लास्टिकच्या नकली माशांचा डबा असतो, आणि गढूळ पाण्यात तो डबा कुचकामी. मासा त्या पाण्यात वासावर शोधतो, डोळ्यांनी नाही. म्हणून नवख्याला मी शक्यतो रत्नागिरीच्या खालीच पाठवतो.

हर्णै तुमच्या यादीत का आलं ते मला माहीत आहे. पुण्याहून सगळ्यात जवळ, आणि बंदरावरच्या लिलावाचे फोटो. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, मागे सुवर्णदुर्ग. हे फोटो बघून मीसुद्धा एका दिवाळीत हर्णैला तीन दिवस काढले होते. तो सगळा मासा ट्रॉलर खोल पाण्यातून आणतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. बंदरात होड्यांची ये-जा, पाण्यावर डिझेलची साय, जिथे गळ टाकावा तिथे कुणाचं तरी जाळं किंवा नांगराचा दोर. तिसऱ्या दिवशी वैतागून कनकदुर्गाखालच्या खडपावर गेलो, अमावास्येच्या आसपास, सकाळी आठला, पाणी अजून अर्धंच चढलेलं असताना. अकराच्या सुमाराला एक कोकर लागला म्हणून खूश होतो, मागे वळून बघितलं तर ज्या वाटेने कोरड्या पायांनी आलो तिथे छातीभर पाणी. मासा सोडला, रॉड दातात धरता येत नाही म्हणून तोही सोडला, आणि पोहत आलो. तेव्हा पाऊणपटीचा हिशोब येत असता तर साडेनऊलाच उठलो असतो. चूक माझीच, गावाला बोल नाही. हर्णैला जायचंच झालं तर मासे खायला जा, लिलाव बघा, आणि गरी टाकायला आंजर्ल्याच्या बाजूला जोग नदीच्या खाडीवर जा. तिथे चिखलपाण्यात जिताडा आहे. पण जिताडा हा चिकाटीचा मासा, तीन दिवसांच्या पाहुण्याचा नव्हे.

देवबाग हे कुटुंबाला घेऊन जायचं गाव, याबद्दल दुमत नाही. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्या टोकाला संगम. घरं मासेमारी करणाऱ्या गाबितांची, म्हणजे ज्याच्या घरी राहाल त्याच्याच घरी होडी. बायको-मुलीला दिवसभर कंटाळा यायचा नाही. तक्रार एकच. सकाळी साडेआठ-नऊनंतर संगमावर पाहुण्यांच्या होड्या सुरू होतात, मग पॅरासेलिंग, मग त्या केळ्याच्या आकाराच्या फुग्यावरची किंकाळी. मासा बुजतो. शनिवार-रविवार किंवा नाताळ असेल तर गळाचा विचारच सोडा. उधाणात कर्लीच्या तोंडाशी पाणी असं धावतं की ६० ग्रॅमचं शिसंसुद्धा तळाला टेकत नाही. त्यामुळे देवबागचा दिवस म्हणजे मधल्या वारी, अष्टमी ते दशमीच्या भांगात, पहाटे निघून आठला परत. पलीकडे भोगव्याच्या कड्याखाली आणि निवतीच्या खडपात हेकरू आणि तांबोशी आहे. तुमची सुट्टी हलत नसेल आणि ती नेमकी भांगात येत असेल, तर विजयदुर्ग सोडा आणि देवबागला जा. मेलेल्या पाण्यात विजयदुर्गची खाडी अगदीच सुस्त असते, देवबागला निदान निवळ पाण्यात काहीतरी हालचाल दिसते.

तिथून मालवण जवळ आहे म्हणून एक इशारा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर. किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या लगतचा गाभ्याचा भाग तर पूर्ण वर्ज्य. कुणी होडीवाला म्हणाला की किल्ल्यामागे टाकू या, कोण बघतंय, तर त्या माणसाबरोबर दुसरीकडेही जाऊ नका. जो तिथे बेफिकीर तो लाइफ जॅकेटच्या बाबतीतही बेफिकीर, असा माझा अनुभव आहे.

आता विजयदुर्ग. वाघोटण खाडीच्या तोंडाशी दक्षिणेच्या काठावर किल्ला, पलीकडचा काठ रत्नागिरी जिल्ह्यातला. हे बंदर मराठ्यांच्या आरमाराने निवडलं ते उगीच नाही. खाडी तोंडाशीच खोल, आणि किल्ल्याच्या टेकडीमुळे आतल्या बाजूला वाऱ्याला आडोसा. गरीवाल्यालाही नेमकं हेच हवं असतं. बाहेर कातळ, आत खोल संथ पाणी, वर खाजणं आणि तिवरं. म्हणजे बाहेर लाट असली तरी तुमचा दिवस वाया जात नाही, आत सरकायचं. गिर्ये गावाजवळ खडकात कोरलेली जुनी आरमारी गोदी आहे, त्या बाजूला खाडीच्या कडेने जे छोटे ओहोळ येऊन मिळतात त्यांच्या तोंडाशी ओहोटीला जिताडा उभा असतो. तिकडे त्याला खजुरा म्हणतात. आतून वाहत येणाऱ्या बोयी आणि कोळंबीची वाट बघत, तोंड प्रवाहाकडे करून.

तुमच्यासाठी मात्र तांबोशी. एक संध्याकाळ सांगतो. बंदरावरच्या धक्क्याच्या कडेला एक आजोबा बसले होते. रॉड नाही, रीळ नाही, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, आणि गळाच्या वर एक छिद्राचा दगड. माझ्याकडे त्यांच्या महिन्याभराच्या खर्चाइतकं सामान. माझी कोळंबी दर दहा मिनिटांनी मरत होती, त्यांची जिवंत. शेवटी न राहवून विचारलं. त्यांनी माझ्या हातातली कोळंबी घेतली, उजेडासमोर धरली. डोक्याच्या आत एक काळा ठिपका दिसतो. तो टाळून, कपाळावरच्या करवतीच्या बरोबर खालून, कवचात नुसता टाचल्यासारखा गळ ओवला. ठिपक्याला टोचलं की कोळंबी संपली. मग तंगूस तर्जनीवर एक वेढा घेऊन बसायचं. तांबोशी आधी एक बारीक टकटक देते, तिथे ओढायचं नाही. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम बोट कापेल अशी ओढ, सरळ खडपाच्या भोकाकडे. पहिल्या दोन हातांत ती वर आली तर आली, नाही तर दोर कपारीत घासून तुटणार. "आज पाण्याक वड आसा," आजोबा म्हणाले, "फाल्यां ह्याच येळेक येवा, बरा लागात." दुसऱ्या दिवशी दीड किलोची एक लागली. त्यांना तीन.

तेव्हापासून मी विजयदुर्गला गेलो की पहिली संध्याकाळ धक्क्यावर नुसती बघण्यात घालवतो. धक्का बंदराचा आहे, बोट लागलेली असेल तर बाजूला व्हायचं, आणि बसण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं. किल्ल्याच्या तटावरून गळ टाकायचा मोह होतो, तो करू नका. ती संरक्षित वास्तू आहे, आणि खाली तीस फुटांवर लागलेला मासा वर ओढताना निम्म्यात सुटतोच.

विजयदुर्गच्या उण्या बाजूही सांगतो. राहायच्या जागा मोजक्या, चांगली खोली आधी बोलून ठेवावी लागते. जेवण घरगुती आणि वेळेवर सांगावं लागतं, रात्री साडेनऊला काही मिळेल या भरवशावर राहू नका. पुण्याहून कोल्हापूर-गगनबावडा करून येणं म्हणजे अख्खा दिवस. रेल्वेने कणकवली किंवा राजापूर रोडला उतरलात तरी पुढे दीडदोन तास गाडी आहेच. मुलीसाठी वाळू हवी तर गिर्ये-पडवण्याकडे जावं लागतं. तीन दिवसांत एक दिवस असाच जाणार हे धरून चला, आणि शक्य असेल तर दशमीलाच पोचा.

कुणीतरी तुम्हाला आंग्रिया बँकेचा व्हिडिओ दाखवला असेल, विजयदुर्गाहून समुद्राखालच्या प्रवाळाच्या पठारावर मोठे मासे वगैरे. ती जागा किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. गावातल्या फायबरच्या होडीचं ते काम नाही. विषय संपला.

होडी आणि तांडेल (होडी चालवणारा) फोनवरच ठरवा, आणि ठरवताना माशांचे फोटो मागू नका. फोटो सगळ्यांकडे असतात, त्यातले निम्मे एकच असतात. "सध्या पाणी कसं आहे, गढूळ की निवळ?" आणि "गरीला शेवटचा मासा कधी लागला, कुठला?" एवढेच दोन प्रश्न विचारा. "या हो, सगळं मिळतं इथे" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. समोरून "तुम्ही येताय कुठल्या तिथीक?" असा उलटा प्रश्न आला तर तो तुमचा माणूस. पैसे दिवसाचे ठरवू नका, पाण्याचे ठरवा. म्हणजे भरतीच्या आधी तीन तास ते नंतर एक तास, इंधन धरून, चारा कुणाचा आणि मासा कुणाचा हेही आधीच. दिवसाचे ठरवलेत तर तो माणूस साहजिकच तुम्हाला नऊला बोलावणार, आणि तोवर तुमची भरती येऊन गेलेली असणार. लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं पुण्याहूनच न्या. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून पाण्यात वर सरकून निघतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

धरणाचं सामान कितपत चालेल? रॉड चालेल, जर आठ-नऊ फुटांचा आणि कण्याला जरा ताठ असेल. रीळ ४००० च्या मापाचं पुरे. दोर मात्र बदला. रोहूसाठीची दहा पौंडांची तंगूस तांबोशी पहिल्याच झटक्यात तोडेल. वीस-तीस पौंडांचा विणलेला दोर आणि त्याच्या पुढे दीड वाव चाळीस पौंडांची जाड फ्लोरोकार्बन तंगूस, म्हणजे खडपावर घासली तरी टिकेल. गळ १/० ते ३/०, आणि भरपूर, कारण खडप रोज त्याचा वाटा घेतं. नकली मासे दोन-चार न्या, पहाटेच्या निवळ पाण्यात कोकर आणि बाराकुडा त्यावर धावतात. बाकी डबा घरी ठेवा. खरा चारा संध्याकाळी पागायला, म्हणजे फेकजाळं टाकायला, जाणाऱ्या माणसाकडून घ्या, जिवंत कोळंबी, पसाभर. बादलीत खाडीचंच पाणी, सावलीत, आणि मधूनमधून बदलत. रोज रात्री रॉड-रीळ गोड्या पाण्याने धुवा, पण नळाची धार रिळावर सोडू नका, मीठ आणखी आत जातं. ओल्या फडक्याने पुसा.

किनाऱ्यावर फिरताना रापण दिसली तर तिच्या समोर गळ टाकायचा नाही. होडीने अर्धवर्तुळ करून जाळं सोडलेलं असतं, दोन्ही टोकं वाळूवरून ओढतात. पाहुण्याने गळ टाकण्यापेक्षा दोराला हात लावावा. मुलीला तर लावूच द्या. ओढून झाल्यावर मूठभर मासे हातात ठेवण्याची रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, आणि तिला त्या जाळ्यात एका वेळी जितक्या जाती दिसतील तितक्या तुमच्या गळाला वर्षभरात लागणार नाहीत.

लहान मासा सोडा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली आहे. ती पाठ नसली तरी वीतभराची तांबोशी पिशवीत टाकू नये एवढं कळतंच. खडपातला राक्षसी गोबरा, माणसाएवढा वाढणारा, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू लागलं तरी पाण्यातच गळ काढून सोडायचा. आणि केंड लागला, तो लागणारच, तर फुगलेला बघून मुलगी हसेल, फोटो काढा आणि सोडा. कुणी म्हणालं साफ करून खाता येतो तरी खायचा नाही, त्याचं विष शिजवून जात नाही.

मुलीसाठी वेगळी तयारी करा. लहान रॉड, बारीक गळ, बोटाच्या पेराएवढा कोळंबीचा तुकडा. चढत्या पाण्यात लाट फुटते तिच्या अलीकडे, गुडघाभर पाण्यात मुडदुशी फिरत असते. चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे, म्हणजे पुरून बसलेलं पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं. मुडदुशी लागली की तिची तिलाच काढू द्या, निरुपद्रवी मासा आहे. शिंगटीला मात्र हात लावू देऊ नका. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, आणि तो लागला की मोठा माणूसही रडतो. गळ पकडीने काढायचा, नाही निघाला तर दोर कापायचा. थर्मासमध्ये गरम पाणी बरोबर ठेवा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा, विषाची कळ त्याने उतरते. पाणी किती गरम हे आधी आपल्या दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने बघा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मग देवगडच्या दवाखान्यात दाखवायचं, काटा आत मोडलेला असू शकतो.